सरकतंय कोण?

गॅनेट बे,
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय लोर्ना आत्याआजी यांना,

ब्रॉनीचा वाकून नमस्कार. (तुम्ही तिकडे आल्बनीला, मी इकडे, मध्ये बाइटच्या आखाताचा अख्खा समुद्र. तरी खरोखरच वाकले आहे, कारण टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठा सारून झाल्यावरच हे पत्र सुरू करता आलं.)

तुमची कंबर आता कशी आहे? जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो का? आणि क्लबात बोल्सचे गोळे टाकायला जायची परवानगी डॉक्टरांनी दिली की तुमची तुम्हीच घेतलीत? इकडे सगळे बरे आहेत. बाबांची (म्हणजे तुमच्या डॅरलची) कालवं यंदा चांगली भरली आहेत, त्यामुळे ते सरकारबद्दल नेहमीपेक्षा थोडं कमी वाईट बोलतात. डल्सीआजीच्या फ्रूटकेकला गावच्या वार्षिक शोमध्ये दुसरा नंबर मिळाला, तेव्हापासून घरात सुतक आहे. पहिल्या नंबरचा केक कोरडा होता हे आजीने आम्हाला, पोस्टातल्या बाईंना आणि परीक्षकांच्या सौभाग्यवतींनाही सांगून झालं आहे. क्लेमआजोबांची बोटं सकाळी आखडलेली असतात, ती दुपारपर्यंत सैल होतात. बाकी त्यांच्या प्रकृतीविषयी पुढे लिहितेच, कारण हे पत्र मुख्यतः त्यांनी तुम्हाला केलेल्या त्या फोनबद्दल आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांनी तुम्हाला फोन करून कंबर कशी आहे म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, आत्ताच क्लबातून येतेय, अजून पर्ससुद्धा खाली ठेवलेली नाही. त्यावर त्यांनी "म्हणजे तू सकाळपासून घरी नव्हतीस? रेडिओ सेट चालूच केला नाहीस?" असं विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, आणि ते "वा! वा!" म्हणून फोन ठेवून मोकळे झाले. तुम्ही नंतर आजीकडे चौकशी केलीत, की क्लेमच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का. तुमची शंका अगदी रास्त आहे. जो भाऊ एरवी फक्त ख्रिसमसला फोन करतो आणि तेव्हाही हवेची चौकशी करून लगेच ठेवतो, त्याने फेब्रुवारीत फोन करावा, आणि बहीण घरात नव्हती हे ऐकून आनंदित व्हावं, हे काळजीचंच लक्षण आहे. म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहिते. (युनिव्हर्सिटीत आम्हाला शिकवलं आहे की अहवाल लिहिताना वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून चालावं. तेव्हा मी तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगू लागले तर राग मानू नये.)

ज्या वर्षी तुम्ही आल्बनीला राहायला गेलात, त्याच्या आदल्या हिवाळ्यात तुम्ही आणि आजोबांनी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून एकसारखे दोन रेडिओ सेट बांधलेत, सुटे भाग एकाच डब्यातले. एक तुम्ही नेलात, एक इथे राहिला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बाइटवर जड हवा बसली, की समुद्रावर जणू झाकण पडतं आणि त्याखालून तुमचा सिग्नल पाण्याला घसटत घसटत इकडे येतो, तोही इतका क्षीण, की शेडमध्ये कोणी खोकलं तर ऐकू येत नाही. तुम्ही मोर्सचे ठोके पाठवायच्या किल्लीवर जॅमचा डबा ठेवता, ती दाबलेली राहते आणि इकडे एक लांबलचक शिट्टी येत राहते. आजोबा ती शोधून काढतात, उत्तर देतात, तुम्ही डबा उचलता आणि गप्पा सुरू होतात. गप्पा कसल्या, भांडण. शिट्टी सापडते न सापडते तोच ती सरकायला लागते, ती हरवू नये म्हणून नॉब फिरवत तिच्या मागे धावावं लागतं, आणि चाळीस वर्षं तुमचं दोघांचं एकच म्हणणं: तू सरकतोस. नाही, तूच सरकतेस. आजोबांचं मत, लोर्ना सोल्डरिंग करताना गात होती, म्हणून तिचे सांधे कच्चे राहिले. तुमचं मत मी इथे लिहीत नाही, कारण आजी हे पत्र पाकीट बंद करण्याआधी वाचणार आहे.

तर गेल्या डिसेंबरात, उन्हाळा लागता लागता, आजोबा जेवताना म्हणाले, की हा शेवटचा उन्हाळा. मागचे दोन उन्हाळे तुमचं बोलणं झालंच नाही. हवा जमून आली होती, शिट्टीही आली होती, पण त्यांच्या बोटांना नॉब धरवेना आणि शिट्टी निसटून गेली. या वेळी लोर्ना सापडली तर सापडली, नाहीतर ईस्टरला अँटेनाचा खांब उतरवायचा. बाबांना ती जागा कालवांच्या टोपल्या धुवायला हवीच होती. त्यांनी अगदी सहज, मान खाली घालून विचारलं, की मग ओस्माँडच्या क्रेनला सांगून ठेवू का. आजोबा म्हणाले, सांग. आणि त्यांनी बटाटा मागितला. एवढंच. पण मी त्यांच्याकडे बघत होते, आत्याआजी. बटाटा त्यांनी खाल्ला नाही.

त्याच रात्री मी ठरवलं की विज्ञान या घराच्या काहीतरी उपयोगी पडलं पाहिजे. (आमच्या घरात पहिली पदवी माझी. तिचा फोटो बाबांनी कालवांच्या शेडमध्ये भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी लावलाय. दोन्हींपैकी तक्ता जास्त पाहिला जातो.) सेट का सरकतो? त्याच्या आत एक क्रिस्टल ठोके देतो, आणि तापला की त्याचा ठेका बदलतो. आता जीपीएसचे उपग्रह फक्त वाट दाखवत नाहीत, त्यांच्या पोटात अतिशय अचूक घड्याळं असतात. छपरावर एक छोटी अँटेना लावून त्या घड्याळांची वेळ घ्यायची, ती एका डबीला द्यायची, डबी आपल्या क्रिस्टलचा कान पकडून त्याला सरळ ठेवते, आणि सेटने स्वतःचा ठेका सोडून डबीचा ठेका घ्यायचा. मग सेट तसूभर हलत नाही. शिट्टीच्या मागे धावणं निम्मं कमी होतं. हे सगळं मी ताटल्या-वाट्या मांडून समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एवढी शिकून आलीस आणि आणलंस काय, तर घड्याळ." मग थोड्या वेळाने, "आणि तेही भिंतीला लावता येत नाही."

पण आजोबांचे डोळे चमकले. मला वाटलं, नातीच्या कौतुकाने. तसं नव्हतं. त्यांनी मला शेडमध्ये नेलं, दार लावलं आणि विचारलं, "माझा सेट जर आकाशातल्या घड्याळाला बांधला, आणि तरी शिट्टी सरकली, तर सरकतंय कोण?"

मी म्हटलं, "अर्थात समोरचा माणूस."

"हे कोर्टात चालेल?"

"आजोबा, विज्ञानात चालेल."

"बास," ते म्हणाले. "ऑर्डर कर."

डबी आली. मी सेट उघडला, एक दुपार त्याची तपासणी केली, तारा जोडल्या, छपरावर अँटेना बसवली. ती अँटेना म्हणजे कालवाच्या शिंपल्याएवढी चकती, तिला फक्त मोकळं आकाश लागतं. संध्याकाळी डबीवर हिरवा दिवा लागला आणि मी आनंदाने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लाल. मी तारा तपासल्या, सांधे पुन्हा सोल्डर केले, डबी बनवणाऱ्यांना सविस्तर ईमेल पाठवली, त्यांनी तितकंच सविस्तर उत्तर पाठवलं, त्यातलं सगळं करून पाहिलं. मध्ये मी उपग्रहांवर सूर्याचा काही परिणाम झालाय का तेही वाचून काढलं आणि जेवताना त्यावर थोडं बोललेसुद्धा. आठवडाभराने आजी म्हणाली, की घमेलं परत पाहिजे होतं. कुठलं घमेलं? "छपरावरचं. पांढरे काकाकुवे तुझ्या त्या चकतीवर बसून वायर कुरतडत होते, म्हणून मी शिडी लावून वरून घमेलं पालथं घातलं. दगडही ठेवलाय, वाऱ्याने उडू नये म्हणून." लोखंडी घमेलं, आत्याआजी. मी न रागावता तिला सांगितलं, की अँटेनाला आकाश दिसलं नाही तर डबी नुसत्या आठवणीवर चालते, थोडा वेळ बरोबर चालते आणि मग हळूहळू भरकटते. आजी म्हणाली, "मग तुझ्या आजोबांत आणि तिच्यात फरक काय?"

घमेल्याच्या जागी प्लास्टिकची बरणी आली (तिच्यातून आकाश दिसतं), काकाकुव्यांना शेडमागे वेगळे दाणे सुरू झाले, दिवा हिरवा झाला. आणि तीच ती फेब्रुवारीतली दुपार. आजोबांनी सेट लावला, तुमच्या दोघांच्या ठरलेल्या आकड्यावर नेला, आणि कान टवकारायच्या आत शिट्टी आली. नॉबला हात न लावता, बरोबर त्या आकड्यावर. मी टाळ्या वाजवल्या. आजोबा ऐकत राहिले. शिट्टी हलेना. चहा आला, चहा झाला, शिट्टी जागच्या जागी. हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला, की आजीने चष्मा लावून पाहिलं.

"काय रे क्लेम? सापडली ना?"

"सापडली."

"मग?"

"सरकत नाहीये."

मी मूर्खासारखं म्हटलं, "आजोबा, किती छान! म्हणजे डबी काम करतेय!"

"डबी करतेय गं," ते म्हणाले. "लोर्नाही करतेय. मी माझा सेट बांधून घातला, आणि सरकणं थांबलं. म्हणजे एवढी वर्षं सरकत होतो तो मी."

आता पुढचं मी लिहावं की नाही, पण खरं ते लिहिलंच पाहिजे. ते तुमची माफी मागणार होते. त्यांनी चमचा घेऊन टेबलावर सराव केला. साठ वर्षं ते मोर्स पाठवताहेत, वादळाच्या सूचना, बोटींचे निरोप, कोणाला मुलगा झाला, कोणाचा बैल गेला, सगळं त्यांच्या बोटांत आहे, पण "चुकलो" हा शब्द लागोपाठ तीनदा अडखळला. मला म्हणाले, कधी पाठवायची वेळच आली नव्हती. अखेर तो पाठवण्याइतका नीट जमला आणि त्यांनी तुम्हाला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. शिट्टी मात्र चालूच. म्हणजे तुम्ही जॅमचा डबा उचलत नव्हतात. आजी म्हणाली, लोर्नाला डुलकी लागली असेल. बाबा नाव लावून वर आले होते, ते म्हणाले, डब्यातलं जॅम खात बसली असेल. आजोबा हसले नाहीत. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाले, "तिची कंबर..." किल्लीवर डबा ठेवून उठलेला माणूस जर पडला, तर डबा तसाच राहणार आणि शिट्टी चालूच राहणार. हे एकदा डोक्यात आल्यावर ती शिट्टी ऐकवेना.

तेव्हा त्यांनी फोन केला. तुम्हाला माहीत आहे, तुमच्या दोघांच्या नियमात ख्रिसमस सोडला तर फोन म्हणजे लबाडी. जे काही व्हायचं ते हवेतून व्हायला हवं, नाहीतर तो संपर्क धरायचा नाही. आजोबांनी हा नियम तुमचे यजमान सेसिलकाका गेले तेव्हासुद्धा पाळला होता, हवा जमेपर्यंत पत्रावर भागवलं होतं. त्या दिवशी त्यांनी नियम मोडला. आणि तुम्ही पर्ससकट दारात उभ्या, सेट सकाळपासून बंद, हे कळल्यावर "वा! वा!" असं जे ते ओरडले ते दोन कारणांनी. एक, तुम्ही पडला नव्हतात. दुसरं, ती शिट्टी तुमची नव्हती, म्हणजे माफी वाचली. कोणत्या कारणाने जास्त आनंद झाला हे मी विचारलं नाही. (मी विचारणार होते. आजीने पाय दाबला.)

मग शिट्टी कोणाची? आजोबांनी खांबावरच्या अँटेनाची वायर उपटली. शिट्टी चालू. मी डबी बंद केली. शिट्टी बंद. आत्याआजी, ते आमचंच घड्याळ होतं. डबी सेकंदाला एक कोटी ठोके देते, आणि त्या ठोक्यांचे बारीक पडसाद एक कोटीच्या प्रत्येक पटीवर उमटत जातात, थेट वरपर्यंत. एवढ्या मोठ्या पट्ट्यात तुम्हाला कोणताही आकडा घेता आला असता, पण तुम्ही दोघांनी मुद्दाम पुढे नुसती शून्यं असलेला आकडा निवडलात, कारण आजोबांच्या लक्षात राहायला हवा. त्यामुळे पडसाद बरोबर तुमच्या खुर्चीवर येऊन बसला. आणि आम्ही सगळे चहा पीत पीत आमच्याच डबीचं कौतुक करत होतो, की किती स्थिर आहे बाई! शंका यायला हवी होती ती नेमकी तिथेच. इतक्या लांबून, पाण्यावरून येणारा सूर थोडा तरी थरथरतो. जो अजिबात थरथरत नाही तो घरातलाच असतो. बाबांना हे समजावून सांगितल्यावर ते खांब धरून हसले. "म्हातारा डबीची माफी मागत होता!" असं ते अजून मधूनच नावेतून ओरडतात, आणि आजोबा तीरावरून त्यांना काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

उपाय सोपा होता. डबी एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडायची, म्हणजे पडसाद बाहेर सांडत नाहीत. तसा डबा घरात एकच, आजीचा शोच्या फ्रूटकेकचा. तो मागायला आजोबा स्वतः गेले, टोपी काढून. आजीने त्यांना बराच वेळ उभं ठेवलं, आणि अखेर म्हणाली, "पहिला नंबर आला असता तर दिला नसता." आता डबी त्या डब्यात आहे. दुपारी तापली की शेडमध्ये मनुका आणि ब्रँडीचा वास सुटतो, आणि बाबा काहीतरी हत्यार शोधायच्या निमित्ताने आत येऊन जातात.

आता गेल्या आठवड्यातल्या त्या सकाळी इकडे काय झालं ते सांगते, कारण तुम्हाला फक्त तिकडची बाजू माहीत आहे. समुद्र तेलासारखा पडला होता. बाबांच्या नावेचा धूर वर न जाता पाण्यावर लोळत होता, आणि समोरचं बेट पाण्यापासून सुटून हवेत लटकलेलं दिसत होतं, म्हणजे झाकण पडलं होतं. आजोबांनी ते पाहिलं आणि पायजम्यावरच शेड गाठली. आकड्यावर शांतता. पडसाद नाही, काही नाही. मग, पडद्यामागे डास गुणगुणावा तसं काहीतरी. मग शिट्टी. थरथरणारी. आणि खाली घसरणारी!

"सरकतेय!" आजोबा ओरडले. "ऐक, ऐक, सरकतेय! डल्सी! डॅरल! लोर्ना सरकतेय!"

चहा आणण्याखेरीज शेडमध्ये सहसा न येणारी आजी हाताला पीठ तसंच घेऊन आली. मी म्हणत होते, आजोबा, नॉब फिरवा, नाहीतर निसटेल. ते म्हणाले, "जाऊ दे तिला. कुठवर जाते बघू." शेवटी मी त्यांचा हात धरून नॉबवर ठेवला. आता एकच गोष्ट हलत होती, ती म्हणजे तुम्ही, त्यामुळे आखडलेल्या बोटांनासुद्धा तुमच्या मागे जाता आलं. त्यांनी हाक दिली. तुम्ही डबा उचललात. आणि त्यांनी, ना नमस्कार ना चमत्कार, पहिलंच वाक्य पाठवलं: सरकतेस तूच, माझ्याकडे आकाशातले साक्षीदार आहेत.

आजोबा पुढे झुकून, उलट उत्तराला उत्तर तयार ठेवून बसले होते. मी त्यांना इतकं खुशीत क्वचितच पाहिलं आहे. आणि तुमच्याकडून एकच शब्द आला. मान्य.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

"मान्य म्हणाली."

"नुसतं मान्य?"

"नुसतं."

त्यांनी किल्लीवर बोट ठेवलं आणि उचललं. मग हवा कशी आहे म्हणून विचारलं. तुम्ही सांगितलंत. त्यांनी इकडची सांगितली. तुम्ही शुभेच्छा दिल्या, त्यांनी दिल्या, झालं. एरवी तुम्ही दोघं बेट परत पाण्यावर टेकेपर्यंत, दुपार उलटेपर्यंत कडाकडा भांडत असता. आजीची चुलीवरची अंडीसुद्धा अजून उकडली नव्हती. हेडफोन काढून आजोबा म्हणाले, "निकाल लागला." चहाच्या वेळी त्यांनी बाबांना सांगितलं, की ओस्माँडची क्रेन ईस्टरच्या आधी मिळत असेल तरी चालेल. आता खांबाचं काय काम? बाबांनी जागेची एवढी वाट पाहिली, पण त्यांनीसुद्धा "बघू" म्हणून विषय बदलला.

मला नेहमी असं वाटत आलं आहे, की खरं काय ते नीट मोजून समोर ठेवलं की भांडण मिटतं. मिटतं, आत्याआजी. तीच अडचण झाली आहे. तेव्हापासून आजोबा रोज संध्याकाळी पाना घेऊन खांबाभोवती एक फेरी मारतात आणि परत येऊन सांगतात, की बोल्ट गंजलेत, निघत नाहीत. मी काल शिडी लावून पाहिलं. बोल्टांना ताजं ग्रीस आहे.

असो. फार लांबलं. त्या फोनचा खुलासा एवढाच, आणि आजोबांचं डोकं जाग्यावर आहे याची खात्री असावी. कंबरेला जपा, पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन तुमच्या सेटवर येतं त्याला पडदा लावायची अजिबात घाई करू नका, आणि लिंबाचा मुरंबा उरला असेल तर बाबांची आठवण ठेवा.

तुमची,
सर्वांना एकाच वेळी खूश करू पाहणारी,
ब्रॉनी ट्रेझाईस

ता. क. आजी विचारते, की आल्बनीत घट्ट झाकणाचे केकचे डबे मिळतात का. पुढच्या शोपर्यंत एक हवा. या वर्षी ती ब्रँडी वाढवणार आहे.

ता. क. २. आजीने पत्र वाचलं आणि म्हणाली, "मुद्द्याचं लिहिलंच नाहीस." म्हणून लिहिते. सेट डबीला जोडण्याआधी मी एक दुपार तो तसाच, त्याच्या जुन्या क्रिस्टलवर चालवून डबीशी ताडून पाहिला होता (आधीचं मोजल्याशिवाय नंतरचं सांगू नये, असं आम्हाला शिकवलंय). छपराचा पत्रा तापत गेला तसा आजोबांचा सेट वर चढत गेला. तुमचा खाली उतरतो. त्यांचा तुमच्या दुप्पट सरकतो. थोडक्यात, चाळीस वर्षं तुम्ही दोघंही दुसऱ्याबद्दल अगदी खरं बोलत होतात. आजोबांनी मला याबद्दल काही विचारलेलं नाही, आणि न विचारता सांगायचं माझ्याच्याने होत नाही. विचारलं तर मात्र मी खोटं बोलणार नाही. म्हणून तुमच्या पाया पडून विनंती, की ईस्टरच्या आधी बेट एकदा तरी उचललं जाईलच, तेव्हा ते "मान्य" मागे घ्या. आजोबांना पाठवा, की तुझा सेट घड्याळाशिवाय काय दिवे लावत होता ते आधी ब्रॉनीला विचार. पाठवा, की उपग्रहांवर विश्वास नाही. पाठवा, की सोल्डरिंग करताना गात होता तो तोच. काहीही पाठवा, पण कडक पाठवा. निकाल फिरवायला निदान चार-पाच उन्हाळे तरी लागतील असं बघा. फोन लबाडी असला तरी पत्राबद्दल तुमच्या नियमांत काही नाही, मी सगळे नियम वाचले आहेत.

ता. क. ३. सोबतच्या पार्सलात तशीच एक डबी आहे. मला काही कळायच्या आधी, जानेवारीत, मी ती तुमच्यासाठी मागवली होती, आणि दुकानदार परत घेत नाही. कृपा करून ती सेटला जोडू नका. किल्लीवर जॅमच्या डब्याऐवजी ठेवा. वजन अगदी बरोबर आहे, मी मोजून पाहिलंय.